डोंगर साऱ्यांचा, वाट कोणाची?

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या वाचक मंडळाने एका रविवारी जवळच्याच एका वनउद्यानात जाण्याचे ठरविले. सरकारी जमीन, सरकारी झाडे, आत दीडएक किलोमीटरची पायवाट आणि तिच्या शेवटी एक तळे, एवढेच त्या उद्यानाचे वैभव. आमच्याबरोबर गुरुजी होते. त्यांनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला. सह्याद्रीच्या नकाशावरील समोच्चरेषा बोटाने गिरवून दाखविणारे ते गुरुजी मणक्याच्या दुखापतीनंतर गेली सहा वर्षे चाकांच्या खुर्चीत आहेत. फाटकाशी पोहोचलो तेव्हा ध्यानात आले की दुचाकी वाहने आत शिरू नयेत म्हणून तेथे लोखंडी नळ्यांचा एक नागमोडी कठडा बसविला आहे. धडधाकट माणूस अंग चोरून त्यातून पलीकडे जातो. गुरुजींची खुर्ची जाईना. बाजूचे मोठे फाटक होते, पण त्याला कुलूप होते आणि किल्ली 'साहेबांकडे' होती. रविवारी साहेब नसतात.

रखवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, "सर, चौघे मिळून उचला की खुर्ची, मीही हात लावतो." गुरुजी शांतपणे म्हणाले, "उचलून न्यायला मी काही पेटी नव्हे. तुम्ही सारे जाऊन या. मी इथे बसतो."

आणि आम्ही गेलो. तासाभराने परतलो तेव्हा आम्ही त्यांना तळ्यावरील बगळ्यांचे वर्णन ऐकविले आणि त्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतले. ही कबुली लेखाच्या आरंभीच दिलेली बरी, म्हणजे पुढे आम्ही जे कठोर शब्द वापरणार आहोत ते केवळ इतरांसाठी आहेत असा वाचकांचा गैरसमज होणार नाही. त्या दिवशी परत फिरण्याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनाला शिवला नाही. एखाद्याला वगळून पुढे जाणे आम्हां सर्वांच्या किती अंगवळणी पडले आहे, याचा तो पुरावा होय.

प्रश्न एका फाटकाचा नाही. डोंगर, वने, किनारे, गडकोट, लेणी, तळी ही आपल्या देशात बहुतांशी सार्वजनिक मालकीची आहेत. त्यांच्या राखणीचा पैसा करातून येतो आणि तो कर अपंग माणूसही भरतो. बाजारात साबणाची वडी घेताना त्याला कोणी सूट देत नाही. मग त्या जमिनीवरील वाट अशी का असावी की तिच्यावरून चालण्यासाठी दोन निरोगी पाय, दोन तीक्ष्ण डोळे आणि शाबूत गुडघे असणे ही अलिखित अट ठरावी? ती अट कोणी घातली? कोणीच नाही. वाट आखणाऱ्याने स्वतःच्या पायांकडे पाहून वाट आखली आणि त्याचे पाय चांगले होते, इतकेच.

शब्दांच्या बाबतीत आपण फार पुढे गेलो आहोत. 'पांगळा' जाऊन 'अपंग' आला, 'अपंग' जाऊन 'विकलांग', आणि आता सरकारी कागदोपत्री 'दिव्यांग' स्थिरावला आहे. आम्हांला या शब्दाचे वावडे नाही; परंतु ज्याच्या अंगी दिव्यत्व आहे असे आपण म्हणतो त्याला फाटकाबाहेर बसवून ठेवतो, तेव्हा त्या गौरवात थट्टेची छटा येते, ती टाळता येत नाही. या लेखात आम्ही जुना 'अपंग' हाच शब्द वापरीत आहोत. गुरुजींनाही तोच पसंत आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधी व हक्कांचा पहिला कायदा केला. त्याची जागा २०१६ च्या व्यापक कायद्याने घेतली. या नव्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सार्वजनिक सुविधांच्या व्याख्येत विरंगुळा व करमणूक यांचाही समावेश केला. त्याचे २९ वे कलम तर सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांविषयीच आहे, आणि त्यात मोकळ्या हवेतील शिबिरे व साहसी उपक्रम यांत अपंगांना सहभागी होता यावे यासाठी सरकारने व स्थानिक संस्थांनी उपाय योजावेत असे म्हटले आहे. म्हणजे डोंगरावर जाण्याची इच्छा हा अपंग माणसाचा लाड नव्हे, ती कायद्याने मान्य केलेली गोष्ट आहे. कायद्याखालील नियम १५ जून २०१७ रोजी प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून पाच वर्षांत सर्व विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करावयाच्या होत्या. ती मुदत २०२२ च्या जूनमध्ये उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेसंबंधीचा मूळ नियमच कायद्याशी विसंगत ठरविला, कारण जे बंधनकारक असावयास हवे होते ते त्या नियमाने केवळ मार्गदर्शनाच्या पातळीवर ठेवले होते. मोडता येणार नाहीत असे किमान निकष वेगळे काढा, असा आदेश न्यायालयाने दिला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या साऱ्या चर्चेत 'इमारत' हा शब्द जितका वारंवार येतो तितका 'वाट' हा शब्द येत नाही. कचेरीच्या दाराशी उतरंड बांधली की कर्तव्य संपले अशी समजूत दृढ झाली आहे, आणि ती उतरंडही पुष्कळदा इतकी खडी असते की तिच्यावरून खुर्ची नव्हे तर पिंपे उतरवावीत.

आता आपल्या परिचयाचेच एक उदाहरण घेऊ. माथेरान कोणाला ठाऊक नाही? १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी या डोंगराचा माथा गोऱ्या साहेबांच्या नजरेस आणला. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचा पैसा घालून १९०४ ते १९०७ या काळात नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी बांधली. ४ फेब्रुवारी २००३ रोजी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी, घोड्यावर, छोट्या गाडीने किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून जायचे. मोटारींना तेथे मज्जाव आहे याचा आम्हांला आनंद वाटतो. शहराच्या धुराने कोंदलेल्या छातीला तेथे एक मोकळा श्वास मिळतो आणि तो तसाच मिळत राहिला पाहिजे.

परंतु ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी माथेरानने वर्षानुवर्षे कोणती सोय ठेवली? दुसऱ्या माणसाचे खांदे. लाल मातीच्या चढावर एक जण पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो आणि खुर्चीत बसलेला माणूस त्यांच्या पाठीवरील घाम पाहत माथ्यावर पोहोचतो. या प्रथेविरुद्ध बोलले की ठराविक उत्तर येई, 'मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, अपंगांनी काय करायचे?' हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांतील किती जणांनी एरवी कधी अपंगांचा विचार केला होता, हे आम्हांला जाणून घ्यायला आवडेल. एका माणसाला जुंपून ठेवण्यासाठी दुसऱ्या माणसाच्या लुळ्या पायांचे निमित्त पुढे करणे, यात दोघांचाही अपमान आहे. स्वतः रिक्षाचालकच त्यातून सुटका मागत न्यायालयात गेले होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांचा प्रयोग करून पाहण्यास परवानगी दिली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षेची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पंजाबमधील सायकल-रिक्षाचालकांच्या प्रकरणातील निकालाला ४५ वर्षे लोटल्यावरही माणूस माणसाला ओढतो आहे, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला.

येथवर ठीक झाले. पण त्याच प्रकरणात आणखी एक वाद चालू होता, आणि तो आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. तो वाद पेव्हर ब्लॉकचा. रस्त्यावर ब्लॉक बसवावेत की लाल माती राखावी? एका बाजूचे म्हणणे, ब्लॉक बसविल्याशिवाय ई-रिक्षा चालणार नाही, म्हाताऱ्यांचे हाल होतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ब्लॉकने माथेरानचे माथेरानपण जाईल, घोडे घसरतील, पाणी मुरणार नाही. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना वाव दिला आणि आतील रस्ते व पायवाटा मात्र त्यांपासून मुक्त ठेवल्या. निकालाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती वादाच्या मांडणीबद्दल. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती अशी की वाट एक तर सिमेंटची असते, नाही तर दुर्गम असते. तिसरा प्रकार नसतो. एकदा हे गृहीत धरले की निसर्ग आणि अपंग माणूस हे एकमेकांचे वैरी होतात, आणि कोणत्याही सुसंस्कृत सभेत निसर्गाचे पारडे जड ठरते, कारण निसर्ग सर्वांना हवा असतो आणि अपंग माणूस सभेला आलेलाच नसतो. सभा पहिल्या मजल्यावर भरलेली असते.

हे गृहीतच चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा खुद्द माथेरानच्याच कुशीत आहे. नेरळपासून वर चढणारा तो २१ किलोमीटरांचा लोहमार्ग पाहा. आगगाडीच्या चाकाला खडा चढ सोसत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी डोंगराशी झुंज न घेता त्याच्या अंगाने वळसे घेत मार्ग नेला. त्याचा कमाल चढ साधारणपणे वीस फुटांना एक फूट, म्हणजे १:२० असा ठेवला. गुरुजींनी हे आम्हांला सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वर्गातला जुना आनंद होता. कारण १:२० हाच तो चढ आहे, जो चाकांच्या खुर्चीसाठी सुसह्य मानला जातो! खुर्ची ढकलत नेरळहून माथेरानला जावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की लोखंडी चाकासाठी सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी डोंगर एवढ्या काळजीने वाचला, त्यांच्या वारसांना माथ्यावरच्या सपाटीत, शार्लोट तलावापर्यंत किंवा एखाद्या पॉइंटपर्यंत, रबरी चाकासाठी एक वाट आखणे अशक्य असू नये.

अशी वाट कशी असते, हे आता कोणी नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारकडे वनांची आणि मोकळ्या जमिनींची अफाट मालमत्ता आहे. सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतींत अडथळे नसावेत असा कायदा त्या देशाने १९६८ मध्येच केला होता, पण वाटांचा प्रश्न तेथेही पुढे चार दशके रेंगाळला. २००६ मध्ये तेथील वनखात्याने पायवाटांसाठी स्वतःचे नियम केले आणि २०१३ मध्ये ॲक्सेस बोर्ड या संस्थेने संघराज्याच्या सर्व मोकळ्या जमिनींसाठी निकष प्रसिद्ध केले. त्या निकषांत सिमेंटची सक्ती कोठेही नाही. वाटेचा पृष्ठभाग घट्ट आणि स्थिर असावा, म्हणजे चाक रुतू नये व पायाखालची खडी सरकू नये, एवढेच त्यात अपेक्षित आहे. चांगली दाबलेली मातीदेखील या कसोटीला उतरते. रुंदी किमान ३६ इंच. १:२० पर्यंतचा चढ कितीही लांब चालेल. चढ त्याहून अधिक, १:१२ पर्यंत असेल तर दर २०० फुटांवर विसाव्याची सपाट जागा हवी. १:१० पर्यंत असेल तर दर ३० फुटांवर. १:८ पर्यंत असेल तर दर १० फुटांवर. याहून खडा नको, आणि १:१२ पेक्षा अधिक चढाचा भाग एकूण वाटेच्या ३० टक्क्यांहून जास्त नको. वाट अरुंद असेल तर समोरून येणाऱ्याला जागा देता यावी म्हणून हजार फुटांच्या आत पाच फूट लांबी-रुंदीची एक मोकळी जागा. मातीच्या वाटेवर मुळे वा दगड दोन इंचांपेक्षा वर आलेले नकोत.

वाचकांना हे आकडे रुक्ष वाटतील. आम्हांला त्यांत मोठी दया दिसते, कारण त्यांत दयेचा एकही शब्द नाही. कोणीतरी गुडघे टेकून फूटपट्टी लावली आहे आणि थकणाऱ्या हातांना विसावा किती अंतरावर लागतो, याचा हिशेब केला आहे. आणि हा हिशेब करायला परदेशी यंत्रे लागत नाहीत. आपल्याकडील कोणताही गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन खुंट्यांमधला चढ मिनिटभरात काढून देईल. कोकणच्या जांभ्याचा मुरूम नीट चाळून, ओला करून, दाबून बसविला आणि डोंगराकडच्या बाजूने पाण्याला वाट करून दिली, तर पावसाळा त्याला धुऊन नेत नाही असे जुने मिस्त्री सांगतात. दरवर्षी डागडुजी लागेल हे खरे. ती तर आजच्या वाटांनाही लागते आणि तिचा खर्च आपण निमूटपणे करतोच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे अमेरिकन निकष नव्या किंवा मोठा फेरबदल होणाऱ्या वाटांना लागू आहेत. जुन्या प्रत्येक वाटेला नाहीत. भूप्रदेशच तसा असेल, प्रचलित बांधकामपद्धतीने ते शक्य नसेल, त्या ठिकाणचे मूळ स्वरूपच पालटणार असेल, किंवा वन्यजीव वा वारसा यांच्या संरक्षणाचा कायदा आड येत असेल, तर सूट आहे. मात्र सूट मिळाली तरी वाटेच्या उरलेल्या भागाकडे पाठ फिरविता येत नाही. ही गोष्ट आमच्या विरोधकांनी अवश्य ध्यानात घ्यावी, कारण त्यांचा आवडता युक्तिवाद असा की 'उद्या तुम्ही हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उतरंड मागाल!' नाही, आम्ही मागणार नाही. कोकणकडा कोकणकडाच राहू द्या. त्याचे नाव पुढे करून फाटकापासून तळ्यापर्यंतची सपाट वाट मात्र अडवू नका.

त्याच देशातील दुसरी एक बाब आम्हांला अधिक मोलाची वाटते. १९६४ च्या कायद्याने तेथे काही अरण्ये संपूर्णपणे अस्पर्श ठेवली आहेत. तेथे मोटार चालत नाही, सायकलसुद्धा चालत नाही. मग चाकांच्या खुर्चीचे काय? १९९० च्या अपंगविषयक कायद्याने याचा स्पष्ट खुलासा केला की ज्याला खुर्चीची गरज आहे त्याला ती घेऊन अरण्यात जाण्यास बंदी नाही. त्याच्यासाठी तेथे खास बांधकाम करण्याचे बंधनही सरकारवर नाही. म्हणजे कायद्याने खुर्ची हे वाहन मानले नाही, त्या माणसाचे पाय मानले. आमच्या वाहनबंदीच्या डोंगरांवर आणि राखीव वनांत हा खुलासा एका ओळीत लिहून ठेवावा, विशेषतः विजेवर चालणाऱ्या खुर्चीबाबत. म्हणजे फाटकावरच्या माणसाला साहेबांच्या किल्लीची वाट पाहावी लागणार नाही.

निकषांतील आणखी एक साधी तरतूद अशी की वाटेच्या तोंडाशी फलकावर तिची लांबी, पृष्ठभागाचा प्रकार, नेहमीची व किमान रुंदी, नेहमीचा व कमाल चढ आणि आडवा उतार लिहावा. 'अपंगांसाठी योग्य' असे प्रमाणपत्र त्यावर नसते. कारण कोणती वाट आपल्याला झेपेल हे फक्त चालणाऱ्याला कळते. एकाचे हात बळकट असतात, दुसऱ्याची खुर्ची विजेची असते, तिसऱ्याला कुबड्या पुरतात. त्याला खरी माहिती द्या, निर्णय तो घेईल. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते. माहिती कोणी देत नाही, सल्ला मात्र प्रत्येक जण देतो. 'तुम्हांला जमायचे नाही हो', 'कशाला त्रास करून घेता', 'आम्ही फोटो आणू ना!' अंध माणसाला तर सरळ विचारतात की तुला डोंगरावर काय दिसणार? जणू वारा, पावशाची हाक, ओल्या मातीचा वास आणि पायाखाली करकरणारी पाने ही सारी डोळ्यांनीच घेतली जातात! त्याला हवी असते वाटेची कड काठीला कळेल इतकी स्पष्ट आणि डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी छाटलेली.

'पण असे किती लोक येणार?' हा शेवटचा बालेकिल्ला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. तीत गुडघे झिजलेल्या आजीबाई नाहीत, हृदयविकारातून उठलेले गृहस्थ नाहीत, बाळगाडी ढकलणारी आई नाही. तरीही समजा, दिवसाला एकच माणूस येणार आहे. तो एक माणूस मोठा असेल तर काय होते ते आपण पाहिले आहे. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. दिल्लीतील पुरातन वास्तू पाहण्याची त्यांना इच्छा होती. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी यांनी पाठपुरावा केला आणि कुतुबमिनार व जंतरमंतर अशा ठिकाणी लाकडी उतरंडी घाईघाईने उभ्या राहिल्या. इतकी वर्षे ज्या वास्तूंना हात लावता येत नव्हता, ज्यांचा वारसा धोक्यात येणार होता, तेथे एका पाहुण्यासाठी मार्ग निघाला. आम्हांला त्या थोर शास्त्रज्ञाच्या पाहुणचाराबद्दल असूया नाही. फक्त एवढेच विचारायचे आहे की दिल्लीतच जन्मलेल्या आणि त्याच आजाराने खिळलेल्या एखाद्या कारकुनाने तशी इच्छा व्यक्त केली असती, तर त्याला कोणते उत्तर मिळाले असते?

'लोक येत नाहीत म्हणून वाट नाही' असे सांगणारे एक विसरतात. वाट नाही म्हणून लोक येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून ते कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात. घरात बसलेल्या माणसाची गणती कोणत्याही फाटकावर होत नाही.

थोडे आमच्या अंगणाकडेही पाहू. आमच्या धर्मग्रामांतून दरवर्षी सहली निघतात, यात्रा निघतात, युवकांची शिबिरे भरतात. ठिकाण ठरविताना बसचे भाडे, जेवणाची सोय, पाण्याची सोय हे सारे विचारले जाते. पायऱ्या किती आहेत, असे विचारलेले आम्ही तरी ऐकले नाही. आजाऱ्यांच्या रविवारी त्यांना खुर्च्यांसकट पहिल्या रांगेत बसवितो, फुले देतो, आणि सहलीची यादी वाचताना त्यांची नावे तीत नाहीत हे कोणाला खटकतही नाही. काही देवळांच्या पायऱ्यांपुढे अजूनही चार तरुण उभे राहून खुर्ची उचलतात. त्या तरुणांच्या मनाविषयी शंका नाही. पण दर रविवारी चार तरुणांचे उपकार घेतल्याशिवाय ज्याला मिस्साला येता येत नाही, तो हळूहळू येईनासा होतो, आणि मग आपण त्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद पाठवून समाधान मानतो. पक्षाघाती मित्राला छप्पर काढून खाली सोडणारे चौघे आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. त्यांनी निदान छप्पर तरी काढले होते.

मागणी काय, ते आता स्पष्ट सांगतो. प्रत्येक वनउद्यानात, थंड हवेच्या ठिकाणी आणि सार्वजनिक तळ्याकाठी निदान एक वाट अशी असावी की जी वाहनतळापासून पाहण्यासारख्या जागेपर्यंत न तुटता जाईल. मधली एक पायरीदेखील सारी वाट निकामी करते. तेथील एक स्वच्छतागृह खुर्चीसह आत जाता येईल असे असावे. त्याच्यावाचून वाट अपुरी आहे, कारण तीन तास पाणी न पिता सहल करावी लागते आणि ती अनेक जण करतात. आणि हे ठरविणाऱ्या समितीत एक तरी अशी व्यक्ती असावी जी त्या वाटेवर खुर्चीतून, काठीने किंवा कुबड्यांनी जाणार आहे. उद्घाटनाच्या दिवशी हार घालण्यासाठी ती नको; पहिल्या दिवशी, खुंट्या ठोकताना हवी.

फाटकाचे मात्र वेगळे सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेताच्या कुंपणावरून चढून जाण्यासाठी लाकडी पायऱ्या असत. आता तेथे असा संकेत रूढ होत आहे की वाटेवर अडथळा घालायचाच तर कमीत कमी अडविणारा घालावा. शक्य तर मोकळी जागा ठेवावी, गुरांसाठी अडवणे भाग असेल तर फाटक बसवावे, आणि पायऱ्या अगदी निरुपाय झाल्यावरच. लेक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानाने तर अशा पायऱ्यांवाचूनच्या वाटांची स्वतंत्र मालिकाच आखली आहे. आमच्याकडे दुचाकीस्वाराचा बंदोबस्त करायचा म्हटले की पहिल्याच दणक्याला सर्वांत जास्त अडविणारा उपाय योजतात. दुचाकीस्वार बहाद्दर तर बाजूच्या तुटक्या कुंपणातून आत जातच असतो; ते आम्ही त्या रविवारी स्वतः पाहिले.

सहलीनंतर आम्ही त्या उद्यानाच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले. दोन महिन्यांनी उत्तर आले. कठडा सुरक्षिततेसाठी आहे, तो काढता येणार नाही, परंतु 'पूर्वसूचना दिल्यास सहकार्य करण्यात येईल', असे त्यात होते. गुरुजींनी ते पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, "मला तळे पाहावेसे वाटते ते सकाळी उठल्यावर. त्याची पूर्वसूचना मी कोणाला देऊ?"

आम्ही पुन्हा लिहिले आहे. या वेळी मापे जोडली आहेत. कठड्यातील मोकळी जागा १८ इंच, खुर्चीची रुंदी २५ इंच. फाटकापासून तळ्यापर्यंतचा चढ आमच्यातील एका गवंडी बंधूंनी पाण्याची नळी घेऊन मोजला. एका ठिकाणी तो १:१४ भरतो, बाकी सर्वत्र १:२० च्या आत. म्हणजे वाट आधीपासूनच चांगली आहे, अडचण फक्त सात इंचांची आहे. उत्तर आले की पुढील अंकात छापू. न आल्यास येत्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सारे पुन्हा त्या फाटकापाशी जाणार आहोत, आणि या खेपेस गुरुजी बाहेर असतील तोवर आम्हीही बाहेरच बसणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी मंडळाला कळवावे; डबा आपापला आणावा.